दोन पोती बाजरी

येडगावला भरतच्या मोकळ्या रानात जानकू धनगरानं पाच रात्री मेंढ्या बसवल्या. त्या लेंडीखताच्या बदल्यात दोन पोती बाजरी ठरली होती. सहाव्या दिवशी सकाळी तो बाजरी न्यायला बंगल्यावर आला, तेव्हा भरत नवी कोरी स्कॉर्पिओ धूत होता.

"काय सांगू जानकू, आमच्यासारख्या मधल्या माणसाचं लई अवघड झालंय," भरतनं पाण्याचा पाइप खाली टाकला. "द्राक्षं लंडनला जातात, पण औषधांनी जीव खाल्लाय. पोराला, समर्थला पुण्यात फ्लॅट घेतला, त्याचे हप्ते. पैसेवाला म्हणावं तर आमच्या राजुरीच्या मेव्हण्याला. दोन पेट्रोल पंप हायेत त्याचे. तुमचं बरं राव, कशाची काळजी न्हाई."

ऐकता ऐकता जानकूचा चेहरा उतरला.

"मग राहू द्या भाऊ बाजरी," तो काठी उचलत म्हणाला. "आमचं भागतंय. तुमी आधी सावरा."

भरतनं आढेवेढे घेतले नाहीत. जानकू फाटकाबाहेर पडला तसा तो घरात जाऊन बायकोला म्हणाला, "मेंढरवाल्यांनी लई पैसा दाबून ठेवलाय बघ. दोन पोती बाजरी सोडून गेला गडी. आपल्याला परवडंल का असं?"