नादिरचा वाटा
फ्रीजमधलं दूध नासलं, तेव्हा मोंजीने वरचा फ्रीजर उघडून मागच्या जाळीत बॅटरी मारली. पंखा बर्फात रुतून बसला होता. “मबरूका, इतकं ठासून भरलंयस, हवा फिरणार कुठून? सगळं बाहेर काढ.” बायको जागची हलली नाही. आत प्रत्येक बकरी ईदेला नादिरसाठी राखलेला कुर्बानीचा वाटा होता. त्यांचा हा मुलगा काही वर्षांपूर्वी होडीने इटलीला निघाला, त्यानंतर त्याचा फोन आला नव्हता. “काढलं तर शिजवावं लागेल.” “शिजव.” “आणि खाणार कोण?” “शेजारीपाजारी.” मबरूकाने त्याच्याकडे पाहिलं. गल्लीत मटणाचा कुसकुस, वाफवलेल्या रव्याचा, घरोघर वाटतात, तो मेलेल्या माणसाच्या नावाने. तिने एकेक पिशवी काढली. फ्रीज बंद करून, तिच्याकडे न बघता मोंजी बर्फावर कोमट पाणी सोडत राहिला. फ्रीज पुन्हा चालू केल्यावर पंखा घरघरू लागला, तेव्हा तिने मोठं पातेलं चढवलं. “लोकांनी कारण विचारलं तर?” “सांग, फ्रीज बिघडलाय.”