व्हार्निशचा हौद

हातोड्यांचे लाकडी दांडे व्हार्निशच्या हौदात बुडवून मावशी इतक्या सावकाश वर काढायची, की नव्या इंजिनियर साहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला.

“एका दांड्याला बारा सेकंद? मावशी, झोपा काढता का? चार सेकंदांत काढा. व्हार्निशही कमी लागेल.”

“उलट जास्त लागेल, साहेब. हिसक्यानं ओढलं की जाड थर अंगाला चिकटून येतो आणि मग ओघळत बसतो. सावकाश काढलं की जादाचं आपसूक हौदात उतरतं.”

“आता तुम्ही मला शास्त्र शिकवणार?” साहेब हसले.

मावशीनं नाक मुरडलं आणि सांगितलं तसं केलं. दुसऱ्या दिवशी हौद निम्म्यावर आला होता आणि प्रत्येक दांड्याच्या टोकाला, शेंबड्या पोराच्या नाकाशी असतो तसा, व्हार्निशचा थेंब लोंबून सुकला होता.

आठवड्याभरात भिंतीवर साहेबांच्या सहीचं पत्रक लागलं. ‘सखोल अभ्यासाअंती असे आढळले आहे, की दांडा बारा सेकंदांत सावकाश बाहेर काढल्यास थर पातळ व एकसारखा बसतो.’ वरच्या मंडळींनी साहेबांची पाठ थोपटली म्हणे.

मग साहेब स्वतः एक कागद घेऊन हौदापाशी आले.

“‘नवी पद्धत मला नीट समजली आहे’ असं लिहिलंय यात. खाली सही करा, मावशी, आणि तारीख घाला.”

मावशीनं हात पुसले, ठसठशीत सही केली आणि पुढे तारीख घातली, बावीस वर्षांपूर्वीची.