एकच गोळी

कळा खऱ्या की खोट्या, हे बेबीनंदाला ठरवता येईना. सकाळपासून कंबर धरली होती. आठवा महिना सरायला अजून अवकाश होता.

"आत्याबाई," ती चुलीपाशी बसलेल्या सासूला म्हणाली, "मला बराबर वाटून न्हाई राह्यलं."

झुंबरबाईने भाकरी उलटली. "राहून राहून येतंय का एकसारखं?"

"राहून राहून."

"मंग थांब जरा. कळा मोडल्या तर गोळी वाया जाईल."

बेबीनंदालाही तीच भीती होती. गोळी एकच होती.

जालन्याच्या दवाखान्यात रक्त तपासल्यावर उषा सिस्टरने सासू-सुनेला दार लावून समजावलं होतं. हा रक्तातला आजार नवऱ्याकडून आईला आला आहे, बाळाला होईलच असं नाही. कळा सुरू झाल्या की आईने ही गोळी गिळायची, म्हणजे आजार बाळाकडे जायचा धोका कमी होतो. बाळ झालं की त्याला औषधाचे थेंब आम्ही देऊ. या आजारात कळा लवकर येतात, बाळ किरकोळ निपजतं, म्हणून गोळी आधीच देऊन ठेवते.

बेबीनंदाचा नवरा मच्छिंद्र त्या दिवशी घरीच पडून होता. बोअर पाडायच्या गाडीवर मुलूखभर फिरून तो ताप घेऊन परतला होता आणि ताप हटत नव्हता. त्याच्यासाठी सिस्टरने ताकदीच्या पांढऱ्या गोळ्या दिल्या. "त्यांच्या आजारावरचं औषध आपल्याकडे अजून आलं नाही," असं त्या खालच्या आवाजात म्हणाल्या होत्या.

बाळाची गोळी झुंबरबाईने आपल्या पानसुपारीच्या चंचीत ठेवली. "तुझ्या हातून हरवंल," ती म्हणाली. बेबीनंदाला बरंच वाटलं. दोन वर्षांपूर्वी पहिलं पोर सातव्यात आलं आणि रडलंच नाही. तेव्हा बाहेरचं काही लागलं म्हणून गावाने लिंबू उतरवलं होतं. तेव्हापासून सासू तिला पाण्याचा हंडाही उचलू देत नव्हती.

"झुंबरे, सून काचंची आणली का गं?" शेजारची पुष्पाबाई कुडावरून ओरडायची.

"काचंची न्हाई. तुझ्या सुनंसारखी तोंडाळ न्हाई, एवढंच."

दुपारच्या आत पाणी गेलं. आता खोट्या कळांचा प्रश्न उरला नाही. झुंबरबाईने हसनाबादच्या फाट्यावर जीप थांबवली, सुनेला मागच्या बाकावर आडवं केलं आणि चंचीची दोरी सोडली. सुपारीच्या चुऱ्यातून एक पांढरी गोळी निघाली. ती तिने सुनेकडे न बघता पुढे केली.

"घे. देवाचं नाव घे."

बेबीनंदाने गोळी गिळली. मग नवी भीती सुरू झाली. जीप खड्ड्यांतून उसळत होती. उलटी झाली तर गोळी गेली. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि जालना येईपर्यंत काढला नाही. कळ आली तरी ती ओरडली नाही.

दवाखान्यात उषा सिस्टरने पहिला प्रश्न तोच विचारला. "गोळी घेतली?"

"घेतली," बेबीनंदा म्हणाली.

"शाब्बास. विसरला असता तरी मी इथली दिली असती म्हणा. कपाटात आहेत."

झुंबरबाईने त्या कपाटाकडे पाहिलं. तिने विचारलं, "सिस्टरबाई, अजून एक दिली तर? जास्तीची?"

"एकच पुरते, आजी."

"कमी-जास्त झालं तर... द्या की एक."

"भाजी आहे का ही, वरून आणखी घालायला?" सिस्टर हसल्या. "तुम्ही बाहेर बसा. चहा घ्या."

दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. दीड किलोचीही नव्हती. हातपाय काटक्यांसारखे, पण ती रडली. बेबीनंदा तो आवाज कान देऊन ऐकत राहिली, थांबेल म्हणून श्वास धरून. आवाज थांबला नाही. सिस्टरने थेंब पाजले, मुलीला कापसात गुंडाळलं आणि म्हणाल्या, "आई वेळेवर वागली. आता काळजी फक्त वजनाची."

दुसऱ्या दिवशी सकाळी मच्छिंद्र एसटीने आला. झुंबरबाई नळावर कपडे धूत होती. तो पलंगाच्या कडेला टेकला आणि लेकीकडे पाहतच राहिला. त्याने दाढी केली होती. बऱ्याच दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर तजेला होता.

"जगंल ना गं?"

"जगंल. सिस्टर म्हणल्या, गोळी येळंवर पोटात गेली म्हणून."

"लई देवमाणूस बाई," मच्छिंद्र म्हणाला. "माझ्यासाठीबी तसलीच एक दिलीती न्हाई का त्यांनी, आईच्या चंचीतली. पंधरा दिसांमागं पोळ्याच्या सांजंला घेतली, तव्हापासून ताप न्हाई बघ."