भार्गवनचं पाणी

"एक घोट, मोळे, पोरी. एकच. कुणाला कळणार नाही."

"मला कळेल ना, आजोबा," रिन्सी म्हणाली.

भार्गवनने तोंड फिरवलं. त्याचे ओठ वाळून भेगाळले होते. हाताला सलाईन चालू होतं, पण सलाईनने घसा ओला होत नाही. खाटेला पाटी लटकत होती: तोंडावाटे काहीही देऊ नये. पोटातल्या गाठीचं ऑपरेशन सोमवारी ठरलं होतं, ते मंगळवारवर गेलं, आणि आता बुधवार उजाडला होता.

रिन्सी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. पुरुषांच्या सर्जरी वॉर्डात तिचा हा तिसरा आठवडा. पहिल्याच आठवड्यात तिने एका उपाशी ठेवलेल्या पेशंटला दया येऊन अर्धा कप काळा चहा दिला होता. त्याचं ऑपरेशन रद्द करावं लागलं. नर्सिंग शिकवणाऱ्या सूसम्मा मॅडमनी तिला सगळ्या वॉर्डासमोर उभं केलं.

"त्याला टेबलावर उलटी झाली असती, ती फुप्फुसात गेली असती, तर तुझी दया त्याला परत आणणार होती?"

त्या दिवशी रिन्सीने मॅडमना दाखवायच्या अनुभववहीत एकच ओळ लिहिली. मी या कामाच्या लायकीची नाही. मग घरी फोन केला. आई म्हणाली, "परत येऊन काय करशील? सगळ्या पोरी करतातच ना हे?" रिन्सीने फोन ठेवला. तेव्हापासून ती सकाळी उठायची तीच छातीवर दगड घेऊन.

बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास भार्गवनची बायको, चेल्लम्मा, खाटेपाशी आली. हातात थर्मास होता. जिऱ्याचं पाणी, अजून कोमट. तिने झाकण अर्धवट फिरवलं आणि रिन्सीकडे पाहिलं.

"सिस्टर, मला वाटलं, आता थोडं दिलं तर चालेल."

"असं वाटून चालत नाही, अम्मा." आपला आवाज हुबेहूब मॅडमसारखा आलाय, हे रिन्सीला बोलताना जाणवलं.

चेल्लम्माने खाली मान घातली आणि झाकण घट्ट लावलं.

रिन्सीने कापसाचा बोळा ओला केला, पिळला आणि भार्गवनच्या ओठांवरून फिरवला. त्याने तो दातांत पकडला, लहान मुलासारखा चोखायला लागला. तिने ओढून काढला.

"चाळीस वर्षं होडी वल्हवली," तो शेजारच्या खाटेवरच्या माणसाला म्हणाला. "खाली पाणी, बाजूला पाणी, आषाढात चुलीपर्यंत पाणी. आणि आता या चिमुरडीपुढे हात पसरतोय."

"हिची सासू एका दिवसात सरळ होईल," शेजारी म्हणाला. दोघं हसले. भार्गवनला हसताना ठसका लागला, तो बराच वेळ थांबला नाही.

ड्युटीवरच्या सिस्टरला रिन्सीने विचारलं, "भार्गवनना कधी नेणार?"

"बोलावतील तेव्हा." सिस्टर बस अपघातातल्या सहा जणांमध्ये अडकली होती. "तू तेवढं बघ गं त्यांच्याकडे."

रिन्सीने बघितलं. जेवायलाही गेली नाही.

गुरुवारी सकाळी ती आली तेव्हा भार्गवनचे डोळे खोल गेले होते. तोंड धुवायला ठेवलेला पाण्याचा मग त्याने कसाबसा उचलला होता. ओठांपर्यंत नेला, तेवढ्यात रिन्सीने त्याचं मनगट धरलं. मनगटात काहीच जोर नव्हता. तिने तो मग काढून घेतला.

त्याने तिला घाण शिवी दिली. मग रडला. चेल्लम्मा पदरात तोंड खुपसून व्हरांड्यात निघून गेली.

दुपारी त्याने मागणं सोडलं. रिन्सी बोळा फिरवत राहिली. तीन वाजता त्याचे ओठ हलले. ती वाकली.

"वेळ्ळम," तो म्हणाला. पाणी.

त्यानंतर त्याने श्वास घेतला नाही.

रिन्सीने त्याचं अंग पुसलं, हनुवटी बांधली, जसं शिकवलं होतं तसं. मग ड्रेसिंगच्या सामानाच्या खोलीत बसून वही भरली. 'त्याचा शेवटचा शब्द पाणी होता. मी नियमाने वागले. घरच्या कुत्र्यालाही मी पाणी नाकारलं नसतं.'

सूसम्मा मॅडमनी ते पान दोनदा वाचलं. चष्मा काढला.

"हे मी वर्गात वाचून दाखवणार आहे," त्या हळूच म्हणाल्या. "जड जातं, माहितेय मला. पण माणूस रडत असताना हात न डगमगणं, हीच आपली विद्या. आज तू नर्स झालीस, मुली."

तीन आठवड्यांत पहिल्यांदाच रिन्सीला पायाखाली जमीन लागल्यासारखं वाटलं.

बाहेर व्हरांड्यात चेल्लम्मा गाठोडं मांडीवर घेऊन कागदांची वाट बघत होती. रिन्सी तिच्यापुढे उकिडवी बसली.

"अम्मा, मला माफ करा. ऑपरेशन होईपर्यंत देताच येत नव्हतं."

चेल्लम्माने तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"माफी कसली, सिस्टर? डॉक्टरांनी मला काल सकाळीच बाजूला घेऊन सांगितलं होतं. गाठ सगळीकडे पसरलीय, ऑपरेशन करणार नाही, आता मागतील ते द्या, पोटभर पाणी पाजा. पण डॉक्टर काय, मिनिटभर येतात नि जातात. तुम्ही दिवसभर त्यांच्या उशाशी. मी म्हटलं, तुम्हालाच जास्त कळत असणार."