छकड्याच्या चाकातलं ग्रीस

मोतीलालनं ग्रीसचा डबा अंगणाच्या मधोमध आदळला, तेव्हा लोक त्याच्या साळ्याला, तेजरामला, खांद्यावर घेऊन नाचत होते.

शंकरपट, गावची बैलजोड्यांची शर्यत, नुकताच आटोपला होता. पहिल्या आलेल्या बैलजोडीची शिंगं गुलालानं माखली होती, छकडा दाराशी उभा होता आणि बक्षिसाची घागरीएवढी पितळी गुंडी सगळ्यांना दिसेल अशी ओट्यावर मांडली होती. सासू गोदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आली.

"या जवाईबापू. तुमचा साळा पयला आला!"

मोतीलालनं तांब्या घेतला नाही. तो उकव्याच्या मॅंगनीज खाणीतून निघून, बालाघाटच्या दवाखान्यात थांबून, तसाच इथं आला होता. भुवयांवर खाणीची काळी धूळ होती. सदऱ्यावर दुसऱ्याचं रक्त होतं.

"तेजराम, खाली उतर."

"गुलाल तं घ्या पयले, भाऊजी!"

"या डब्यात काय भरून ठेवलं होतं तू?"

नाच थांबला. परवा तेजराम बहिणीला, अनुसयाला, पटासाठी माहेरी न्यायला खाणीवर गेला होता. रात्रीचा मुक्काम मोतीलालच्या खोलीत होता. डबा तिथंच खाटेखाली असे. खाणीत ठेवला तर ग्रीसमध्ये धूळ बसते, म्हणून मोतीलाल तो रोज घरी आणी.

"वंगण," तेजराम हसत खाली उतरला. "माह्या हातचं. एरंडीचं तेल आन धानाच्या जळल्या तणसाची राख. तुमचं काळं, माहं बी काळं. अदलाबदल केली. फुकट नाई नेलं."

"मले सांगितलं काहून नाई?"

"सांगितलं असतं तं देल्लं असतं का तुमी?"

लोक हसले. छकड्याच्या चाकावर कौतुकानं दोन थापा पडल्या.

मोतीलाल त्या चाकाकडे पाहत राहिला. काल खाणीला सुट्टी होती; आज सकाळी पाळी सुरू झाली तेव्हा ते ग्रीस बोटाला रवाळ लागलं होतं. थंडीनं झालं असेल, असं म्हणून त्यानं ते जॅकहॅमरच्या रॉडला फासलं होतं. हा राग स्वतःवरचा होता. तो त्यानं गिळला. दुसरा गिळवेना.

"ते ग्रीस चाकासाठी नसते रे," तो म्हणाला. "जॅकहॅमर दगड फोडते तवा रॉडच्या बुडावर ठोक्यावर ठोका बसते. बूड तापते. त्या आचीत टिकते तेच ग्रीस लागते. तुह्या तेलाचा धूर झाला, राख राह्यली. बूड मशीनच्या तोंडात फसलं."

"मंग ठोकून काढायचं न," मागून कोणीतरी बोललं.

"नथ्थूनं तेच केलं!" मोतीलालचा आवाज फाटला. "घण मारला. पोलादाची कपची उडाली आन डोळ्यात गेली. माहा जोडीदार दवाखान्यात पडला हाय, आन तुमी अथी गुलाल उधळून राह्यले!"

एका बैलानं मान झटकली, घुंगरं वाजली. अनुसया ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभी होती. ताटातला दिवा वाऱ्यानं हलत होता, तिनं त्याला आडोसा केला नाही.

"मुकादम साऱ्या पाळीसमोर मले म्हणते, मोतीलालनं ग्रीस बाहेर विकलं आन डब्यात राख कालवली. उद्या सकाळी मशीन माह्या हातून जाईन. नथ्थूची बायको मले दवाखान्यात पुसते, भाऊ, तुमी असं काहून केलं? तिले काय सांगू?" त्यानं डबा पायानं तेजरामकडे सरकवला. "मले दुसरं काई नोको. सकाळच्या बसनं माह्यासंग चाल. डब्यातलं ग्रीस म्या बदललं, एवढंच सांग."

तेजरामनं ओट्यावरच्या गुंडीकडे पाहिलं, मग लोकांकडे.

"उद्याच? भाऊजी, आज कोठं जोडीचं नाव झालं. लोक म्हणतीन, चोरीच्या ग्रीसवर पळाली. बैलाची इज्जत जाईन."

"आन नथ्थूचा डोळा?"

"वाईट वाटते न मले. पन घण का म्या मारला?"

मोतीलालची मूठ वळली. गोदाबाई दोघांच्या मध्ये आली.

"घरचं मानूस हाय, जवाईबापू. आजचा दिवस नोको. मंग पाहू." ती लेकीकडे वळली. "अनुसया, बैल ताटकळले. ओवाळ भावाले."

अनुसया पायरी उतरली. तिनं ताट आईच्या दुसऱ्या हातात दिलं आणि छकड्याच्या चाकापाशी जाऊन बसली. आसाच्या टोकावरून तिनं अंगठा फिरवला. दिवसभर पळूनही ग्रीस जागचं हललं नव्हतं. काळं, दाट, चकाकणारं. ती उठली. तेजरामनं सवयीनं मान पुढे केली. तिनं त्याच्या कपाळावरच्या गुलालातून अंगठा केसांपर्यंत ओढला.

"काय करून राह्यली वं!" तेजरामनं बाहीनं कपाळ पुसलं. टिळा आडवा पसरला. त्यानं आईच्या हातातला तांब्या हिसकावला, कपाळावर पाणी मारलं, दोन्ही हातांनी घासलं. गुलाल वाहून सदऱ्यावर आला. काळं तिथंच राहिलं.

अनुसयानं अंगठा पदराला पुसला नाही.

"घास, दादा," ती म्हणाली. "खाणीचं हाय. बसच्या टायमापर्यंत टिकते."