निकेलवरच्या उघड्या जागा

पडद्यावर पुन्हा दोन शिखरं उमटली. सारख्याच उंचीची. सुकेशनीनं डोकं टेबलावर टेकवलं.

हायड्रोजन जोडला की डाव्या-उजव्या हातांसारखे दोन रेणू तयार होतात, पडद्यावर प्रत्येकाचं एक शिखर. तिला हवा होता उजवा. निकेलच्या भुकटीवर चिंचेतल्या आम्लाचा थर चढवला की उजवाच जास्त बनतो, हे तिनं उन्हाळ्यात दाखवलं होतं. त्यावरचा तिचा संशोधन पेपर छापून आला. मग परदेशातून तक्रार आली, आम्हाला हे जमत नाही. आता तिलाही जमत नव्हतं. उद्या चौकशी समिती बसणार होती. पेपर गेला की पीएच.डी. गेली. गावी वालूरला आई गल्लीभर सांगत होती, आमची सुकेशनी डॉक्टर व्हायलीय.

"उन्हाळ्यात जमलं अन् आता न्हाई? निकेल काय रुसलेला जावई हाय का?" तिचे मार्गदर्शक चंद्रभान सर म्हणाले. "आकडा बनवला असशील तर आत्ताच सांग, पोरी."

"न्हाई बनवला, सर."

उन्हाळ्यात वेगळं काय होतं? वीज. दिवसदिवस वीज नसायची. पाणी शुद्ध करायचं यंत्र बंद. म्हणून आम्ल चढवलेलं निकेल तिनं नळाखाली धुतलं होतं. बोअरचं पाणी. पूर्वी परभणीत आडाचं पाणी कसं गोड असायचं. बोअर आले आणि घरोघरी डाळ शिजेनाशी झाली. असलं पाणी पेपरात लिहायची तिला लाज वाटली. तिनं 'शुद्ध पाणी' लिहिलं आणि विसरून गेली.

सुकेशनी उठली. तिनं नळ सोडला.

संध्याकाळी पडद्यावर डावं शिखर बसलं. उजवं एकटं उभं राहिलं. आम्ल जिथं पोचत नव्हतं, तिथं दोन्ही रेणू सारखेच बनत होते. त्या उघड्या जागा पाण्यातल्या क्षारांनी बुजवल्या होत्या.

सरांचे डोळे भरून आले. "वाचलीस गं! पाण्याचं तेवढं कुठं बोलू नको. शुद्ध पाणी सगळेच लिहितात."

दुसऱ्या दिवशी समितीनं आलेख पाहिला. अध्यक्षबाई हसल्या.

"म्हणजे तक्रारीत तथ्य नाही. पेपरात लिहिलंय तसंच केलंत ना?"

सर तिच्या वतीनं मान डोलावू लागले. सुकेशनीनं टेबलाची कड घट्ट धरली.

"आकडा खरा आहे, मॅडम. पेपर खोटा आहे."