उसना आवाज

“भाषा लेकरांकडून शीक, ती चुकांना हसत नाहीत,” निघताना आई म्हणाली होती. म्हणून परदेशात ज्या घरी मूल सांभाळायला राहिले, तिथल्या चिमुरडीलाच गुरू केलं. तिची आई वारलेली. स्वयंपाकघराच्या दारामागे त्या आईचा एप्रन तसाच टांगलेला. काल आजी राहायला आल्या. मी जिन्याखालून चिमुरडीने शिकवलेल्या तिथल्या भाषेत हाक दिली, “या गं बायांनो, दूध निवतंय!” वरून आजींची काठी गडगडत खाली आली. “ही तर माझी लेक!” त्या वरून ओरडल्या. “नाही गं आजी, मीच शिकवलंय तिला, आईसारखं बोलायला,” चिमुरडी म्हणाली. खाली येऊन आजींनी माझा हात धरला, “उद्याही मारशील हाक?” हो म्हणून बसले. आज सकाळचा जप आटोपून एप्रनपुढे हात जोडले. “ताई, तुमचा आवाज तेवढा उसना घेते,” पुटपुटले, दूध पेल्यांत ओतलं आणि हळूच जिन्याकडे निघाले.